शिकारीचे कंपाउंड धनुष्य मुंबईच्या तिरंदाजाने घ्यावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण बोरिवलीत राहता, काही काळ क्लबच्या कंपाउंड धनुष्यावर (टोकांना कॅम, म्हणजे फिरत्या चकत्या असलेल्या धनुष्यावर) सराव केला आहे आणि आता स्वतःचे धनुष्य घ्यायचे ठरवले आहे. अमेरिकेतले आपले मावसभाऊ दिवाळीला येताना ते घेऊन येणार आहेत. ते स्वतः तिकडे परवाना काढून हरणांची शिकार करतात, त्यामुळे त्यांनी सुचवलेली तिन्ही धनुष्ये शिकारीची आहेत: कमाल वजन (खेचायला लागणारे बळ) ७० पाउंड, ॲक्सल-टू-ॲक्सल लांबी (टोकांच्या धुऱ्यांमधले अंतर) ३० इंचांच्या आसपास आणि बाणाचा वेग सेकंदाला ३४० फूट. पुढेमागे त्यांच्याबरोबर तिकडे शिकारीला जावे असेही आपल्या मनात आहे. आपली उंची पाच फूट सहा इंच आहे आणि या तिघांपैकी कोणते घ्यावे, असे आपण विचारले आहे.

माझे मत असे की, या तिघांपैकी एकही घेऊ नये. ती धनुष्ये वाईट आहेत असे मी म्हणत नाही. ज्या कामासाठी ती बनवली आहेत त्या कामाला ती उत्तम आहेत. परंतु आपण वर्षभर जे काम करणार आहात ते वेगळे आहे, आणि शिवाय त्या आकड्यांत आपल्या शरीराचे एकही माप आलेले नाही. कंपाउंड धनुष्य हे आधी शरीराला बसावे लागते, मग कामाला, आणि वेगाचा विचार त्यानंतर येतो. मी तिरंदाजी शिकवतो आणि धनुष्यांची जुळणीही करतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ हा क्रम उलटा लागण्यातच सापडते.

कायद्याची बाजू आधी स्पष्ट करून घेऊ, कारण ‘शिकारीचे धनुष्य’ म्हटल्यावर ती टाळता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचीतील वन्यप्राण्यांची शिकार आपल्याकडे बंद आहे आणि ‘शिकार’ या शब्दात तसा प्रयत्न करणेही धरलेले आहे. त्याच कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा नावानिशी उल्लेख आहे, आणि लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात प्रवेश करता येत नाही. आपण बोरिवलीचे आहात म्हणून मुद्दाम सांगतो की, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सकाळी फिरायला जाताना धनुष्याची पेटी पाठीला असू नये. सरावाला जायची वाट तिथूनच जवळ पडत असली तरीही. परदेशात तिथल्या परवान्याने आपण काय कराल हा वेगळा विषय आहे. इकडे मात्र या धनुष्याला काम एकच, कागदाच्या लक्ष्यावर बाण मारणे.

आता हिशेब असा होतो. तिकडे गेलात तरी शिकारीचे दिवस वर्षातून थोडेच असणार आणि त्या दिवसांतही प्रत्यक्ष सुटणारे बाण मोजकेच असणार. इकडे एका स्पर्धेच्या पात्रता फेरीतच ५० मीटरवरून ७२ बाण मारायचे असतात, त्याआधीचे सरावाचे बाण वेगळे. लक्ष्य ८० सेंटिमीटरचे असते, त्यावर दहापासून पाचपर्यंतची वर्तुळे असतात आणि पूर्ण गुण ७२० होतात. जे धनुष्य हजारो बाण याच कामासाठी सोडणार आहे ते याच कामाचे असायला हवे. चांगले लक्ष्य-धनुष्य घेऊन शिकारीला जाता येते, थोडी लांबी आणि जडपणा अडचणीचा ठरतो एवढेच. आखूड शिकारी धनुष्य घेऊन ५० मीटरवर सातत्याने दहा मारणे त्यापेक्षा पुष्कळ कठीण आहे.

हे का होते ते समजून घेतले की पुढची निवड आपली आपण करता येते. शिकारी झाडावरच्या मचाणात किंवा जमिनीवरच्या छोट्या तंबूत बसलेला असतो, फांद्यांमधून वाट काढत चालतो, आणि प्राणी दिसल्यावर त्याला एकदाच, तोही बहुधा जवळून, बाण सोडायचा असतो. म्हणून ते धनुष्य आखूड, हलके आणि वेगवान केलेले असते; ॲक्सल-टू-ॲक्सल लांबी, म्हणजे वरच्या आणि खालच्या कॅमच्या धुऱ्यांमधले अंतर, साधारण २८ ते ३३ इंच ठेवतात. लक्ष्यासाठीच्या धनुष्यात हीच लांबी ३५ ते ४० इंच असते. लांब रायझरचे, म्हणजे मधल्या कडक दांड्याचे, वस्तुमान हातापासून दूर पसरलेले असते, त्यामुळे हाताची बारीक थरथर त्याला सहज हलवू शकत नाही आणि स्कोपमधला (नेम धरण्याच्या भिंगातला) ठिपका लक्ष्याच्या पिवळ्या मध्यावर शांतपणे थांबतो. दोरीच्या कोनाचाही यात मोठा वाटा आहे. धनुष्य आखूड असेल तर पूर्ण खेचल्यावर दोरीचा कोन टोकदार होतो आणि ती नाकाच्या शेंड्यापासून दूर जाते. मग तिला गाठायला तिरंदाज मान पुढे काढतो किंवा डोके वाकवतो. एका बाणाला हे चालून जाते, पण सत्तराव्या बाणाला मान दुखू लागते आणि पीपमधून, म्हणजे दोरीत बसवलेल्या छोट्या भोकातून, दिसणारे वर्तुळ प्रत्येक वेळी थोडे वेगळ्या जागी येते. आपल्या उंचीला ३५ ते ३७ इंचांचे धनुष्य पुरेसे आहे. चाळीस इंचांमागे धावण्याची गरज नाही, ते लांब हातांच्या माणसांना शोभते.

याखालोखाल ब्रेस हाइट पाहावी, म्हणजे पकडीच्या खोलगट भागापासून विश्रांतीच्या अवस्थेतल्या दोरीपर्यंतचे अंतर. सहा इंचांच्या धनुष्यात बाण दोरीला जास्त वेळ चिकटून राहतो, त्यामुळे मनगटाची वळणे आणि पकडीतले दोष बाणापर्यंत पोहोचायला वाव मिळतो. सात इंच किंवा त्याहून अधिक असेल तर ते धनुष्य चुका थोड्या सोसून घेते, आणि पहिले स्वतःचे धनुष्य तसेच असावे.

आता ड्रॉ लेन्थ, म्हणजे खेचीची लांबी. या एका मापावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो आणि आपणही घालवावा. रिकर्व्ह, म्हणजे कॅम नसलेले, टोके बाहेर वळलेले धनुष्य जितके खेचाल तितके येते. कंपाउंड धनुष्याला मात्र कॅमची भिंत असते, ठरावीक जागी ते थांबते आणि तिथे आपल्या शरीराची रचना बसलेली असावी लागते. अंदाज काढण्याची जुनी रीत अजूनही उपयोगी आहे. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरून, ओढाताण न करता उभे राहावे, दुसऱ्याकडून मधल्या बोटांच्या टोकांमधले अंतर इंचांत मोजून घ्यावे आणि त्याला अडीचने भागावे. आपली उंची ६६ इंच आहे. हातांचा विस्तारही तेवढाच धरला तर उत्तर २६.४ येते. म्हणजे आपला शोध साडेसव्वीस इंचांच्या आसपास, सव्वीस ते सत्तावीसच्या पट्ट्यात सुरू होतो. पण हा शोधाचा आरंभ आहे. नेमके माप एखाद्या जाणत्या माणसासमोर प्रत्यक्ष धनुष्य खेचूनच ठरते, आणि सोबत आपण वापरणार तेच रिलीज (दोरी धरून सोडणारे हातातले साधन) आणि तेवढाच डी-लूप (दोरीवर बांधलेला, रिलीज अडकवायचा छोटा फास) असायला हवा, कारण डी-लूपने आणि रिलीजच्या लांबीने हाताची जागा बदलते.

कुणी खेचून दाखवू लागले की मी आधी बाजूने पाहतो, लक्ष्याकडे पाहतच नाही. खेच लांब असेल तर रिलीजचा हात जबड्याखालून कानामागे सरकलेला असतो, धनुष्याच्या हाताचे कोपर ताठ झालेले असते, तो खांदा कानाकडे चढतो आणि कंबरेपासून वरचे शरीर मागे कलते. दोरी सुटताना कोपराच्या आतल्या बाजूला फटका बसत असेल तर बहुतेक वेळा कारण हेच असते. खेच आखूड असेल तर मागचे कोपर बाणाच्या रेषेबाहेर पुढे राहते, पाठीचे स्नायू कामाला लागत नाहीत आणि सगळा भार दंडावर येतो. माप योग्य असेल तेव्हा बाजूने पाहणाऱ्याला धनुष्याची मूठ, बाण आणि मागचे कोपर जवळजवळ एका रेषेत दिसतात, पाठीचा कणा सरळ असतो आणि दोरी मान न हलवता नाकाला अलगद लागते. दुकानदार म्हणतात, ‘अर्ध्या इंचाने काय होते?’ कंपाउंडमध्ये अर्ध्या इंचाने सगळे होते. संभ्रम असेल तर किंचित आखूड बाजू घ्यावी. डी-लूप थोडा वाढवून आखूडपणा सावरता येतो, लांबपणा सावरायला फारसे काही हाताशी नसते.

कंपनीच्या कागदावरची ड्रॉ लेन्थ कशी मोजलेली असते हेही माहीत असावे. पूर्ण खेचलेल्या अवस्थेत नोकिंग पॉइंटपासून, म्हणजे दोरीवर बाण बसतो त्या जागेपासून, पकडीच्या सर्वांत खोल बिंदूपर्यंतचे अंतर घेऊन त्यात पावणेदोन इंच मिळवतात. मापाची पट्टी घेऊन घरी तपासणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो. काही धनुष्यांत कॅमवर खेच ठरवणारे एकच फिरते मॉड्यूल (सुटा तुकडा) असते आणि ते स्क्रू सोडवून अर्ध्या अर्ध्या इंचाने हलवता येते. काहींत प्रत्येक मापाचे वेगळे मॉड्यूल लागते आणि ते बाहेरून मागवावे लागते. परदेशातून धनुष्य येणार असेल तर फिरत्या मॉड्यूलचेच घ्यावे, असा माझा आग्रह आहे. आपल्या भावांचे मन मोडू नये म्हणून त्यांच्याच मापाचे धनुष्य ठेवून घेणे आणि मॉड्यूलची वाट पाहत महिने काढणे, यात कुणाचेच समाधान होत नाही.

वजनाकडे वळू. ७० पाउंडांचे लिंब, म्हणजे वाकणाऱ्या भुजा, असलेले धनुष्य लिंब-बोल्ट (त्या रायझरला जोडणारे बोल्ट) सैल करून साधारण ६० पाउंडांपर्यंत खाली आणता येते. त्याहून खाली नेण्याची मुभा फार थोडी धनुष्ये देतात, आणि कंपनीने ठरवलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त बोल्ट सोडणे धोक्याचे असते. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमांत कंपाउंडची कमाल मर्यादाच ६० पाउंड आहे. म्हणजे आपल्याला सुचवलेले धनुष्य स्पर्धेत नेले तर ते मर्यादेच्या उंबरठ्यावर, सर्वांत सैल अवस्थेत वापरावे लागेल, आणि कॅम व लिंब त्या अवस्थेसाठी जुळवलेले नसतात. बोल्ट पुष्कळसे आवळलेले असताना धनुष्य सर्वांत चांगले वागते, म्हणून आपल्या नेहमीच्या वजनाच्या किंचित वर कमाल मर्यादा असलेले लिंब घ्यावे.

आपले नेहमीचे वजन कोणते, हे असे तपासावे. खुर्चीवर ताठ बसावे, पाय जमिनीवर ठेवावेत, धनुष्याचा हात खांद्याच्या उंचीवर सरळ लक्ष्याकडे धरावा, बाण लावावा आणि धनुष्य वर न उचलता एका संथ खेचीत मागे आणावे. तीस सेकंद धरावे आणि बाण न सोडता सावकाश परत न्यावे. हे सरावाच्या शेवटी, थकलेल्या हातांनीही जमले तर ते वजन आपले. धनुष्य आकाशाकडे करून मग झटका देत खाली आणावे लागत असेल तर वजन जास्त आहे. ही सवय केवळ शैलीचा दोष नाही. अशा अवस्थेत रिलीज चुकून सुटले तर बाण लक्ष्यामागच्या आडोशावरून पलीकडे जातो, आणि मुंबईत पलीकडे मोकळे रान नसते, इमारत असते, रस्ता असतो, शाळेचे आवार असते. म्हणूनच बाण सुरक्षित पट्ट्याबाहेर जाऊ शकेल अशा पद्धतीने खेचायला स्पर्धेचे पंच मनाई करतात. आपण सांगितलेल्या अनुभवावरून ४० ते ५० पाउंडांचे लिंब मला योग्य वाटते. सुरुवात चव्वेचाळीसच्या आसपास करून वर जाता येईल. शिकारीच्या दृष्टीनेही ५० पाउंड कमी नाहीत. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात, परंतु जिथे किमान वजन ठरवलेले आहे तिथे ते बहुधा ३५ किंवा ४० पाउंडांच्या घरात असते.

लेट-ऑफ म्हणजे पूर्ण खेचीवर वजनात होणारी घट. ५० पाउंडांच्या धनुष्याचे लेट-ऑफ ८० टक्के असेल तर बोटांवर १० पाउंड उरतात, ६५ टक्के असेल तर साडेसतरा. शिकारीला प्राणी वळेपर्यंत खेचून थांबावे लागते, म्हणून त्याला ८५-९० टक्के आवडते. लक्ष्यावर थोडे जास्त वजन हातात राहिलेले बरे. त्याने पाठ जागी राहते आणि बाण स्वच्छ सुटतो. ज्या कॅमवर लेट-ऑफ बदलता येते तो निवडावा आणि ७५ टक्क्यांपासून सुरुवात करावी.

आता त्या ३४० फुटांविषयी, कारण आपल्या पत्रात सर्वांत जास्त भर त्यावर आहे. हा आकडा खोटा नाही, पण तो आपला नाही. तो ७० पाउंड वजन, ३० इंच खेच आणि ३५० ग्रेनचा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचे छोटे माप) हलका बाण अशा ठरलेल्या प्रमाणावर मोजलेला असतो. खेच एक इंच कमी झाली की वेग सुमारे १० फुटांनी उतरतो. आपण साडेतीन इंच कमी आहात, म्हणजे ३५ फूट इथेच गेले. बाण तोच ठेवला तर २० पाउंड कमी वजनामुळे आणखी चाळीसेक फूट जातात. पीप, डी-लूप आणि दोरीवरचे इतर ओझे काही फूट घेते. हातात राहतात साधारण २६० फूट. आणि ५० मीटरसाठी ते अगदी पुरेसे आहेत. वेगाचा खरा फायदा अंतर माहीत नसताना होतो: रानात ३० मीटर समजून मारलेला बाण ३५ मीटरवरच्या लक्ष्यावर किती खाली पडेल, हे वेगावर ठरते. मैदानात अंतर फितीने मोजलेले असते आणि साइटवर, म्हणजे नेम धरण्याच्या साधनावर, त्याची खूण केलेली असते. तिथे वेगासाठी आखूड ब्रेस हाइट आणि झटकन उलटणारा कॅम पत्करणे, म्हणजे नको असलेल्या गोष्टीची किंमत मोजणे आहे. असा कॅम पूर्ण खेचीवर जरा ढिलाई झाली की हात पुढे ओढून नेतो, आणि नवख्याचा धीर तिथेच सुटतो.

कंपाउंड म्हणजे शिकार, हे समीकरण खुद्द अमेरिकेतून आले आहे; हे धनुष्य तिथल्या मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६० च्या दशकात तयार केले आणि त्याचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले. परंतु आज महाराष्ट्रातल्या तिरंदाजाला कंपाउंड म्हटले की सातारा आणि नागपूर आठवावेत अशी परिस्थिती आहे. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी विजेती झाली आणि नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण मिळवले, म्हणजे पंधराच्या पंधरा बाण दहाच्या आत. त्याच वर्षीच्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कंपाउंडची पाचही सुवर्णपदके भारताकडे आली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच असणार आहे. हे सांगण्याचे कारण असे की लक्ष्य-धनुष्याभोवतीचे ज्ञान, प्रशिक्षक आणि सुटे भाग आपल्या राज्यात आता उपलब्ध होऊ लागले आहेत, आणि स्पर्धांमध्ये आजूबाजूला त्याच जातीची धनुष्ये असल्यामुळे अडल्यानडल्याला मदत मिळते.

इथून मुंबईचा प्रश्न सुरू होतो: दुरुस्तीचा. कंपाउंडची दोरी किंवा केबल (कॅमना जोडणारी दुसरी दोरी) बदलायला लिंब दाबून धरणारा बो-प्रेस लागतो. तो घरी नसतो आणि चुकीच्या प्रेसमध्ये काही लिंब तडकतात. म्हणून धनुष्य ठरवण्याआधी आपला प्रशिक्षक किंवा जवळचा जुळणी करणारा माणूस त्या विशिष्ट मॉडेलचे काम करतो का, त्याच्या प्रेसला ते लिंब चालतात का आणि त्या मापाची दोरी-केबल इकडे बनवून मिळते का, हे विचारावे. हॉयट, मॅथ्यूज, पीएसई अशा मोठ्या कंपन्यांच्या लक्ष्य-धनुष्यांना हा त्रास कमी होतो, कारण ती वापरणारे पुष्कळ आहेत. एखाद्या छोट्या कंपनीचे धनुष्य कितीही देखणे असले तरी त्याची केबल तुटल्यावर ते कपाटात पडून राहणार असेल तर ते घेऊ नये. वॉरंटीविषयीही विचारावे, कित्येक कंपन्या ती केवळ पहिल्या खरेदीदाराला देतात, म्हणून बिल कुणाच्या नावाने करायचे हे भावांशी आधीच बोलून ठेवावे आणि सीमाशुल्काची चौकशीही त्यांनी निघण्यापूर्वी करावी.

आपल्याकडची हवा धनुष्याला सोसत नाही. समुद्राकाठच्या दमट, खारट हवेत धुऱ्यांवर, त्यांच्या छोट्या क्लिपांवर आणि साइटच्या स्क्रूंवर पावसाळ्यात गंज दिसू लागतो. सराव संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसून, धातूच्या भागांवर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, मग पेटी बंद करावी. दोरीला तेल लागू देऊ नये, तिला फक्त मेण. पावसात भिजलेले धनुष्य पेटीत कोंडून ठेवू नये. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत धनुष्य राहिले तर दोरी ताणली जाते, पीप फिरते आणि लिंबांचे थर सुटण्याचाही धोका असतो. लोकलने जाणाऱ्यांनी लांबीचा विचार करावा: ३६ इंचांच्या धनुष्याची कडक पेटी चार फुटांच्या आसपास जाते आणि गर्दीच्या वेळी साध्या डब्यात ती चढत नाही, मालडब्यानेच जावे लागते. विमानात ती चेक-इन सामानातूनच येईल. बाण वेगळ्या नळीत ठेवावेत. आणि सोसायटीच्या गच्चीवर, आडोसा कितीही जाड वाटला तरी, एकही बाण सोडू नये. घरी हवा तर रबराच्या पट्ट्याने खेचीचा सराव करावा.

भावांनी नव्याऐवजी त्यांच्याकडचे वापरलेले लक्ष्य-धनुष्य देऊ केले तर नाही म्हणू नका, पण तपासून घ्या. कापसाचा बोळा लिंबांच्या कडांवरून, वरपासून खालपर्यंत, सावकाश फिरवावा. जिथे तंतू अडकतात तिथे बारीक चीर आहे असे समजावे, मग ती डोळ्यांना दिसो वा न दिसो. दोरी जिथे कॅमवर वळते आणि जिथे गुंडाळलेल्या दोऱ्याचा शेवट येतो, तिथे धागे फुगलेले किंवा तुटलेले आहेत का ते पाहावे. दोन कॅमच्या धनुष्यात कुणाला तरी सावकाश खेचायला सांगून बाजूने पाहावे: वरच्या आणि खालच्या कॅमचे थांबे एकाच क्षणी टेकले पाहिजेत, एक आधी टेकत असेल तर केबल ताणली गेली आहे आणि काम काढावे लागेल. ते धनुष्य कधी बाणाशिवाय सुटले आहे का, हे स्पष्ट विचारावे. बाणाविना सुटलेल्या दोरीची सगळी ऊर्जा लिंब आणि कॅमवर परत येते, आणि वरून ठीक दिसणारे धनुष्य काही महिन्यांनी खेचताना हातात फुटू शकते. शंका उरली तर ते प्रेमाने नाकारावे.

एकूण रकमेतला निम्म्याहून फार जास्त भाग नुसत्या धनुष्यावर घालवू नये. साइट आणि भिंगाचा स्कोप, बाण टेकवायचा रेस्ट, पुढचा आणि मागचा स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा), रिलीज, बाण, पेटी हे सगळे त्यानंतर घ्यावे लागते, आणि मध्यम किमतीच्या धनुष्यावर चांगली साइट व चांगले रिलीज असलेला तिरंदाज महागड्या धनुष्यावर हलकी साधने लावणाऱ्याच्या सहज पुढे जातो. रिलीजमध्ये शिकारी मनगटावरचे, तर्जनीच्या ट्रिगरचे घेतात. लक्ष्यासाठी अंगठ्याच्या बटणाचे घ्यावे आणि बटण बोटाने दाबण्याऐवजी पाठीच्या खेचीने सुटू द्यावे, म्हणजे ठिपका पिवळ्यावर येताच घाईने झटका देण्याची खोड लागत नाही. ही खोड एकदा जडली की घालवायला फार वेळ लागतो.

बाण धनुष्याला जुळणारे असावेत. बाणाचा ताठपणा स्पाइनच्या आकड्याने सांगतात: २८ इंचांच्या दोन आधारांवर ठेवलेल्या बाणाच्या मध्यभागी ८८० ग्रॅम वजन टांगल्यावर तो इंचाच्या किती हजारांश वाकतो, तो आकडा. आकडा मोठा तितका बाण लवचीक. आपल्या खेचीला आणि ४५ ते ५० पाउंडांना ५०० च्या आसपासून तपासायला सुरुवात करावी, आणि भावांच्या ७० पाउंडांसाठी घेतलेले ताठ बाण स्वस्तात मिळाले तरी घेऊ नयेत. बाणाचे वजन खेचीच्या एका पाउंडाला किमान पाच ग्रेन हवेच, म्हणजे ५० पाउंडांना २५० ग्रेनच्या खाली कधीही जाऊ नये; ३३० ते ३८० ग्रेनचा बाण आपल्याला छान चालेल. मैदानावर बारीक व्यासाचा बाण घ्यावा, कारण दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा त्याला कमी ढकलतो. सभागृहातल्या १८ मीटरच्या स्पर्धेत जाडा बाण रेषेला शिवून एक गुण मिळवून देतो, तिथे ९.३ मिलिमीटरपर्यंतचा व्यास चालतो. शिकारीची पात्यांची टोके भावांकडेच राहू द्यावीत, सरावाच्या मैदानावर ती आणू नयेत.

भावांना आता असे कळवावे: उजव्या हाताचे लक्ष्य-धनुष्य, लिंब ४० ते ५० पाउंड, ड्रॉ लेन्थ फिरत्या मॉड्यूलवर २६ ते २७ इंचांचा पट्टा व्यापणारी, लांबी ३५ ते ३७ इंच, ब्रेस हाइट सात इंच किंवा अधिक. त्याआधी आपला प्रमुख डोळा तपासून घ्यावा. दोन्ही तळवे पुढे करून त्यांच्यामध्ये छोटी त्रिकोणी फट ठेवावी, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून दूरची एखादी वस्तू पाहावी आणि एकेक डोळा मिटावा; जो उघडा असताना वस्तू फटीतच राहते तो आपला डोळा. तो डावा निघाला तर आपण उजव्या हाताने जेवत-लिहीत असलात तरी डाव्या हाताच्या धनुष्याचा विचार करावा, आणि पैसे देण्याआधी ते क्लबमध्ये एकदा खेचून पाहावे.

धनुष्य आले की पहिले काही आठवडे त्या चव्वेचाळीसच्या आसपासच्या वजनावर, दहा मीटरच्या आतून, वर्तुळे नसलेल्या कोऱ्या आडोशावर मारावे आणि केवळ खेच, थांबा व सुटका यांकडे लक्ष द्यावे. नवी दोरी या काळात थोडी ताणली जाते, म्हणून पीपची जागा आणि कॅमचे थांबे पुन्हा तपासून घ्यावेत, आणि साइटवर ५० मीटरची कायमची खूण त्यानंतरच करावी. वजन वाढवताना वरचा आणि खालचा बोल्ट एका वेळी अर्धा फेरा, दोन्ही अगदी सारखे आवळावेत. एक जरी कमी-जास्त झाला तरी नोकिंग पॉइंट वर-खाली सरकतो, बाण रेस्टवरून तिरका निघतो आणि साइटवरची खूण पुन्हा नव्याने करावी लागते.